सिडकोवाला इंदिरानगरात

टेम्पो निघाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. शेजारचा भास्कर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "नाना, पोचल्यावर पत्र टाका हो! पासपोर्ट घेतला ना?" सगळे हसले. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. मला रडू येत होतं आणि ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी उगाच ड्रायव्हरवर खेकसलो, की गियर नीट टाक.

नाशिकच्या सिडकोतून नाशिकच्याच इंदिरानगरला चाललो होतो. मधे एक हायवे, त्याखालून एक बोगदा. रिक्षानं दहा मिनिटं, बोगद्यात गाड्या अडकल्या तर अर्धा तास. एवढ्याला काय रडायचं, असं तुम्ही माझ्या गावचे, हरसूलकडचे म्हणाल. पण मी जन्मात दोनदाच घर सोडलं, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा एवढं जड गेलं नव्हतं.

पहिल्यांदा तुमच्यातून निघालो तेव्हा बाजाराचा दिवस होता. एसटीच्या टपावर आमची पत्र्याची पेटी. वडील स्टँडवर आले होते, पण जवळ आले नाहीत, लांबूनच बोलले, "दिवाळीला ये. मधी येऊ नको. आन् रडत तर मुळीच येऊ नको." मी रडत गेलो नाही. शेवंताशी माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. नाशिकला जायचं का, हे मी तिला विचारलं नव्हतं. "उद्या निघायचं" एवढं सांगितलं होतं. तिनं भाकरी बांधली आणि निघाली. त्यात काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि पुढं पन्नास वर्षं वाटलं नाही.

बाहेरच्या माणसाला सिडको आणि इंदिरानगर एकच वाटतं. तसं नाही. सिडकोत माणूस नंबरावर चालतो. पहिली स्कीम, दुसरी स्कीम, अशा सहा स्कीमा, आणि घरांना आकडे. पोरीला स्थळ आलं तरी पहिला प्रश्न, "कोणत्या स्कीमला राहतात?" घरं भिंतीला भिंत लावून. शेजारी कुकरची शिट्टी झाली की आमची शेवंता गॅस बंद करायला उठायची. इंदिरानगरात नंबर कोणी सांगत नाही, नाव सांगतात. बिल्डिंगला देवाचं नाव, बंगल्याला आईचं नाव. आई आत आहे की मुलीकडं पाठवली, ते विचारायचं नाही.

सिडकोत प्रत्येकानं घर वर चढवलं, पुढं काढलं, मग गल्ली एवढी उरली की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकाला पाहुणचार घेऊनच मागं जावं लागतं. इंदिरानगरात रस्ते रुंद आणि माणूस नाही. दुपारी झोपलेला सिडकोवाला आणि दुपारी जागा इंदिरानगरवाला, दोन्ही मी बघितले नाहीत.

हे मला कसं ठाऊक? मी पस्तीस वर्षं रिक्षा चालवली. शाळा चौथीपर्यंत. बोर्ड वाचायला मला वेळ लागतो आणि मागं बसलेल्या पॅसेंजरला ते कळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी खुणा धरल्या. इंदिरानगर तेव्हा निम्मं शेतच होतं. विहिरीपाशी डावीकडं, गुलाबाच्या मळ्याला उजवीकडं, दोन उंबरांच्या मधून सरळ. मी कधी कोणाला पत्ता विचारला नाही. आमच्या स्टँडवर म्हणायचे, नानाला डोळे बांधून सोडा, गिऱ्हाईक दारात उतरवील.

आणि आमचा एक नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण पोलिसाच्या नियमापेक्षा कडक होता. सिडकोच्या रिक्षानं इंदिरानगरात पॅसेंजर सोडायचा, तिथून उचलायचा नाही. रिकामं परत यायचं, बोगद्याच्या अलीकडं आलं की मग गिऱ्हाईक घ्यायचं. त्यांनी आमच्याकडं तसंच. पावसात भिजत उभी असलेली बाई हात करायची, आणि मी मान फिरवून रिकामी रिक्षा आणायचो. इंदिरानगर स्टँडचा एक सुकदेव होता. त्यानं एकदा आमच्या त्रिमूर्ती चौकातून पॅसेंजर उचलला. मी त्याची रिक्षा अडवली, चावी काढून घेतली आणि त्याला ती बोगद्यापर्यंत ढकलत न्यायला लावली. चावी तिथं दिली. त्याचा मला फार अभिमान होता.

आता दुसऱ्यांदा घर सोडायचं कारण. शेवंताचे दोन्ही गुडघे गेले. सिडकोच्या घराला जिना उभा, शिडीसारखा, आणि संडास खाली. आमचा दिलीप इंदिरानगरात फ्लॅट घेऊन राहतो. तो म्हणाला, "नाना, आईसाठी तरी चला." मी म्हटलं, "दोन महिने बघीन. नाय पटलं तर आम्ही दोघं परत." घर विकू दिलं नाही, भाड्यानं देऊ दिलं नाही. कुलूप लावून चावी माझ्या बंडीच्या खिशात.

शेवंताला तिथं पटलं. मला ते आवडलं नाही, पण पटलं. लिफ्ट होती. पहिल्या दिवशी ती लिफ्टमधून चार वेळा खाली-वर करून आली. संध्याकाळी बायका खाली बाकावर जमायच्या, तिला "आजी, नागलीची भाकरी कशी थापायची?" विचारायच्या. ज्या नागलीच्या भाकरीला आमच्या गावात कोणी पाव्हण्यासमोर ठेवायचं नाही, तिचे इथं व्हिडिओ निघाले.

माझं तसं नव्हतं. मी रोज सकाळी चालत सिडकोच्या स्टँडवर जायचो आणि जेवायला परत यायचो. एके दिवशी परतलो तर सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन नवीन होता. वही पुढं करून म्हणाला, "बाबा, कोणाकडं जायचंय? नाव लिहा."

"घरी जायचंय. घरी जाताना नाव लिहितात का?"

"मग फ्लॅट नंबर सांगा."

आता गंमत बघा. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना दारात उतरवलं, आणि मला माझ्या पोराच्या घराचा नंबर आठवेना. लिफ्टमधलं वरून तिसरं बटण, एवढंच माहीत. वॉचमननं इंटरकॉम लावला. सूनबाई खाली आली. ती लिफ्टमधे हसू दाबत होती. मी वर गेलो आणि शेवंताला म्हटलं, "सामान भर. परत जायचंय."

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही जा."

"म्हंजे?"

"म्हंजे मी नाय येत. हरसूलहून आणलं, आले. तवा इचारलं नव्हतं. आता गुडघ्यांनी इचारलंय, त्यांचं ऐकते."

पन्नास वर्षांत ही बाई मला नाही म्हणाली नव्हती. दिलीप मधे पडायला लागला, तर तीच त्याला म्हणाली, "जाऊ दे त्यांना. रस्ता माहीत हाय त्यांना सगळा." मी पिशवीत दोन कपडे घातले आणि गेलो. टेम्पो नाही, ओट्यावर कोणी नाही.

सिडकोत मी नऊ दिवस राहिलो. गेल्या गेल्या भास्कर म्हणाला, "काय नाना, व्हिसा संपला का?" पहिल्या दिवशी बरं वाटलं. डबा भास्करच्या घरून यायचा. दुसऱ्या दिवसापासून एकेक दिसायला लागलं. आमच्या गल्लीत अकरा घरं, त्यातल्या सहा घरांत भाडेकरू. म्हातारे कोणाचे पुण्याला, कोणाचे पाथर्डी फाट्याला पोराकडं. स्टँडवर माझ्या वेळचे दोघंच, तेही बसायला येणारे. नव्या ड्रायव्हरांना मी नियम सांगितला. ते म्हणाले, "आजोबा, पॅसेंजर मोबाईलवर येतो. तो सिडकोत हाय का इंदिरानगरात, आपल्याला काय करायचं?" मी नियम सांगत राहिलो. ऐकायला थांबलं कोणी नाही.

आणि शेजारी कुकरची शिट्टी झाली की मी बघायचो, गॅस बंद करायला कोण उठतंय.

नवव्या दिवशी दुपारी मी निघालो. तिला समजावून आणायची, नसेल ऐकत तर रागवून आणायची, एवढं ठरवून निघालो. बोगदा ओलांडला आणि नेहमीचा रस्ता खोदलेला. तिथं खोदणारी पोरं म्हणाली मागून जा. मागून तर मागून, मला काय, माझ्या पायाखालचा मुलूख. विहिरीपाशी डावीकडं वळायचं. विहीर नव्हती. गुलाबाच्या मळ्याच्या जागी सात मजल्यांची बिल्डिंग, तिच्या शेजारी तिची जुळी बहीण. उंबर एकही नाही. अर्धा तास फिरलो, दोनदा त्याच मेडिकलपाशी आलो. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजोबा, काही शोधताय का?" मी म्हटलं, "नाही, फिरायला निघालोय." ऊन डोक्यावर, तोंडाला कोरड, पण विचारलं नाही.

एक रिक्षा येऊन थांबली. केस पांढरे झालेले, तरी ओळखला. सुकदेव.

"काय नाना? इकडं कुठं?"

"घरी."

"घर तर मागं राहिलं तुमचं. बसा."

"मी चालतो."

"बसा हो. फक्त चावीला हात लावू नका."

बसलो. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या रिक्षात मागं बसायची पहिली वेळ. मागून रस्ता वेगळाच दिसतो, ड्रायव्हरच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी थोडा थोडा. सुकदेवला मी नंबर सांगितला नाही, त्यानं विचारला नाही.

"वैनींना ओळखतो मी," तो म्हणाला. "दवाखान्यात माझ्याच रिक्षानं जातात. परवा दवाखान्याहून निघाल्या आन् म्हणाल्या, बोगद्याकडं घे. मला वाटलं सिडकोला जायचंय. बोगद्याच्या तोंडाशी म्हणाल्या, थांब. धा मिनिटं बसून राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, फिरव मागं. काल पण तसंच."

माझ्यासारखीच ती सीमेपर्यंत येऊन रिकामी परत जात होती, आणि हे मला त्या माणसाकडून कळत होतं ज्याला मी रिक्षा ढकलायला लावली होती.

उतरताना त्याला म्हटलं, "सुकदेव, त्या दिवशी माझं चुकलं." हे वाक्य मी आजवर कोणाला बोललो नव्हतो, त्यामुळं नीट बोलता आलं नाही. तो म्हणाला, "चुकलं कसलं? दोन दिवस हात दुखले, बस."

वॉचमनच्या वहीत मी नाव लिहिलं. वेळ लागला. तो थांबला.

आता तुम्ही गावाकडचे विचाराल, आणि सिडकोतले तर विचारतातच, की नाना, तुमचं घर शेवटी कुठलं? हरसूलला माझ्या वडिलांचं घर होतं. सिडकोत मी माझ्या हातानं बांधलं, मी म्हणेन तेच तिथं चालायचं. पण ज्या घरात आपलंच चालतं तिथं आपण कोणाला हवे आहोत का, हे माणसाला कधी कळत नाही. ते मला त्या दिवशी कळायचं होतं आणि त्याची मला भीती वाटत होती. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

दार शेवंतानं उघडलं. नऊ दिवसांत वाळली होती. मी आत गेलो नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारलं, "मी इथं राहू का?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"मला इचारताय?"

"हां. तुलाच."

ती बाजूला झाली. म्हणाली, "चपला आत घ्या. बाहेर ठेवल्या की सोसायटीवाले बोलतात."