बघायला कुणी आलं नाही

धाकट्या भावाला लातूरच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा रेणापूरकडच्या आमच्या गावात आईनं 'पित्त वाढलंय' असं सांगून टाकलं. पित्त सगळ्यांनाच असतं, त्यामुळे कुणी खोलात जात नाही. खरं तर तो कित्येक दिवस नीट जेवला नव्हता, बोलला नव्हता, आणि एकदा त्याला विहिरीच्या काठावरून हाताला धरून आणलं होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. तरी जो भेटेल तो आईला म्हणायचा, "पित्त लई वंगाळ असतंय."

आमच्याकडे माणूस दवाखान्यात गेला की त्याला बघायला जावंच लागतं. बिस्किटाचा पुडा, केळी घेऊन जीप भरून माणसं येतात आणि नर्स ओरडेपर्यंत उठत नाहीत. भावाकडे मात्र कुणी फिरकलं नाही. चुलत्यांना फोन केला तर म्हणाले, "आलो असतो माय. पण आम्ही आलो म्हंजी आम्हाला कळलं असं झालं. उद्या पोराला गावात मान वर करून फिरायचंय." त्यातली माया मला कळत होती.

पुण्याहून आलेल्या समुपदेशक मॅडमना ती कळेना. "तुमच्या लोकांना या आजाराची लाज वाटते," त्या म्हणाल्या. आणि लगेच मलाच बजावलं, पेशंटला एकांत द्या, गर्दी नको, गोष्ट बाहेर जाऊ देऊ नका. मी त्यांना गाव समजावलं, गावाला त्या समजावल्या, आणि पार थकून गेले. ऑफिस, डबा, दवाखाना, वर ही दुभाषीगिरी. खरं सांगायचं तर कुणी येत नाही हे मलाही बरंच वाटायला लागलं होतं. निदान चहा पाजायचा तरी वाचत होता.

एका दुपारी मी मोसंबी सोलत होते. पलीकडच्या खोलीत पाय मोडलेल्या एकाचे पाहुणे हसत होते. भाऊ बराच वेळ दाराकडे बघत होता.

"आक्का, मला बघाया कुणीच आलं न्हाई?"

"तुला आराम पडावा म्हणून," मी म्हणाले.

 तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मेल्यावर तर येतेतच की समदे."

मी तशाच चिकट हातानं चुलत्यांना फोन लावला.  नुसतं म्हणाले, "काका, या."