बाई म्हणाल्या, “कमीच आहेत”

आमच्या बाई कोणाचं सांत्वन करत नसत. कोणी रडत आलं, की त्या आधी ताट वाढत. “जेवी ले, मंग सांग,” असं अहिराणीत म्हणत आणि तव्याकडे वळत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची गरम भाकरी आणि ठेचा पुढ्यात आला, की माणसाला रडणं आणि जेवणं एकदम जमत नसे. बहुतेक जण जेवणंच पसंत करत.

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमच्या वरच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या, मराठी शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही, हे विचारायची गल्लीत कोणाची छाती नव्हती. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. जुना विद्यार्थी भेटला, की त्याची ओळख त्या त्याच्या अपयशावरून करून देत. “हा संजय. याला अपूर्णांक शेवटपर्यंत जमले नाहीत,” असं भाजीच्या हातगाडीसमोर खुशाल सांगत. कापडाच्या मिलमध्ये सुपरवायझर झालेला, दोन मुलांचा बाप असलेला संजय लाजून हसायचा आणि बाईंची पिशवी उचलायचा. “पण शाळा कधी चुकवली नाही हं यानं,” हे त्या मग त्याच्या पाठीमागे सांगत, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर तो गेल्यावर.

माझे वडील, अण्णा, हिंगोलीकडचे, गवंडी. त्यांच्यासोबत लहानपणापासून साइटवर जाऊन मला एकच वेड लागलं होतं, आर्किटेक्ट व्हायचं. तेही अहमदाबादच्या एका नावाजलेल्या कॉलेजातून. तिथं मोजक्याच मुलांना घेतात, हे मला माहीत होतं. पण त्या मोजक्यांत आपण असणारच, असं धरून मी बारावीचं सगळं वर्ष काढलं. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि त्या कॉलेजाला लागतात त्याच्या आसपासही माझे मार्क नव्हते.

घरात सगळे माझी समजूत घालायला लागले. आई म्हणाली, “चांगलेच तर आहेत.” अण्णा म्हणाले, “येवढे काय कमी हायत का?” शेजारच्या भाभीही येऊन “सारा छे, सारा छे” म्हणून गेल्या. प्रत्येकाच्या चांगलं म्हणण्यानं मला जास्तच कोंडल्यासारखं झालं. मी जिना चढून वर गेले. बाईंनी जेवायला घातलं, हात धुऊ दिले, मग विचारलं, “किती?”

मी सांगितलं.

“कमीच आहेत,” बाई म्हणाल्या.

किती हलकं वाटलं! जे झालं होतं ते एकदाचं कोणीतरी कबूल केलं होतं.

“अर्ज करायचाय का अजून?”

“मिळणार नाही, बाई.”

“ते मी विचारलं का? नाही म्हणायचं काम त्यांचं आहे. ते तू कशाला करतेस?”

त्या कॉलेजात मार्कांबरोबर मुलाखतही असायची, आणि स्वतः काढलेली चित्रं न्यायची असत. माझी चित्रं बाईंनी चष्मा लावून पाहिली. समुद्रकाठचे बंगले, काचेचे मनोरे. “हे कुठं पाहिलंस?” “फोटोत.” “मग ठेव बाजूला.” शेवटी मी आमची खोली काढली. रात्री कोण कुठं झोपतं, कोणाचे पाय कोणाच्या उशाशी येतात, शिलाई मशीन दिवसा कुठं आणि रात्री कुठं, सगळं.

मुलाखतीच्या दिवशी अण्णांच्या साइटवर स्लॅब ओतायचा होता, म्हणून बाई रजा काढून माझ्याबरोबर आल्या. आत तिघं बसले होते. त्यांतल्या एका मॅडमनी विचारलं, “मार्क इतके कमी कसे?” काय काय कारणं मी पाठ केली होती! ती सोडून मी म्हणाले, “मी हळू सोडवते. वेळ पुरला नाही.” मग त्यांनी खोलीचं चित्र पुढं ओढलं. “रात्री दार वाजलं तर कोणाला उठावं लागतं?” “मला,” मी म्हणाले. तिघंही हसले. मलाही हसू आलं.

बाहेर बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “खोटं बोलली नाहीस ना?”

“नाही.”

“मग चल, जेवू.”

प्रवेश मिळाला नाही. हे अण्णांना सांगायला बाई स्वतः खाली आल्या. “तिथं नाही झालं. सुरतेतल्या कॉलेजात होतंय, तिकडं घाला.” अण्णा घुटमळले. “लई वर्षं लागतेत, बाई. लोक आतापासून लग्नाचं इचारायलेत.”

“विचारणाऱ्यांना वर माझ्याकडं पाठवा,” बाई म्हणाल्या.

वर कोणीच गेलं नाही. मी सुरतेतच शिकले. पहिलं वर्ष अहमदाबादच्या नावानं कुढत घालवलं. नंतर कामच इतकं वाढलं, की कुढायचं राहून गेलं.

निवृत्त झाल्यावर बाई गावी परतल्या आणि वडिलोपार्जित तुकड्यावर दोन खोल्या बांधायचं ठरवलं. नकाशा मी काढायचा, भिंती अण्णांनी उचलायच्या, हे त्यांनी परस्परच ठरवून टाकलं होतं. मी एकटीनं आखलेलं ते पहिलं घर. वास्तुशांतीच्या दिवशी बाई सगळ्या खोल्यांतून फिरल्या, भिंतींवरून हात फिरवला आणि पाहुण्यांना वाढायला गेल्या.

दोनेक वर्षांनी त्या आजारी पडल्या. एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. मी तब्येतीचं विचारत होते, त्यांनी मला मध्येच थांबवलं. “खिडकी उंच झाली गं. खाटेवरून नुसतं आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. मी मरेपर्यंत आभाळच बघू का?”

“उद्या येते, बाई. खाली घेऊ.”

“आता माझी राहू दे. पुढच्यांची नीट कर.”

तरी मी आणि अण्णा गेलोच. अण्णांनी भिंत फोडून खिडकी खाली घेतली. नंतरचे काही महिने बाईंनी पडल्या पडल्या रस्ता पाहिला, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारल्या. गेल्या थंडीत त्या गेल्या.

आता ऑफिसात नवीन मुलं घरांचे नकाशे घेऊन येतात. मी त्यांना सांगते, आधी जमिनीवर आडवे व्हा. ती गोंधळतात, एकमेकांकडे बघतात. मग मीच साडी सावरून फरशीवर आडवी होते आणि विचारते, “सांगा, इथून काय दिसतं?”