मला विक्रेती लिहू नका

"मावशी, स्क्रीनला बोटं लावू नका हं, डाग पडतात." असं म्हणत मॅडमनी त्यांचा फोन माझ्या हातात ठेवला. बंद फोन. अंगावर भाड्याची नऊवारी, शिवलेली, कमरेला इलॅस्टिक. अहो, मी बिबवेवाडीची बाई, जन्मात नऊवारी नेसले नाही. पण माझी पाचवारी त्यांना चालेना. फोटोत गावाकडची दिसायला हवी, म्हणे.

या मॅडमसाठी मी गोधड्या शिवते. मी आणि गल्लीतल्या आणखी बायका. त्यांची गाडी कापडाचं गाठोडं टाकून जाते, शिवलेलं घेऊन जाते. पुढे गोधडी कुणाकडे जाते, कितीला जाते, विचारलं की उत्तर ठरलेलं. "तुम्हाला नाही कळायचं ते." दुकानांच्या पाट्या वाचत वाचायला शिकलेली बाई मी. सांगितलं असतं तर कळलं असतं.

त्या दिवशी मॅडमनी हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता, तिथे एक सर आले होते. कुठला धंदा ऑनलाइन विक्रीवर किती चालतो, ते मोजत होते. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "आजी, तुमचा किती माल ऑनलाइन विकला जातो?"

मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "सगळाच! या आमच्या डिजिटल विक्रेत्या." टाळ्या. मी हळूच म्हटलं, "मॅडम, मी कुठे विकते?"

त्या हसत हसतच पुटपुटल्या, "मावशी, तुम्हाला फोटोसाठी आणलंय. मत मांडायला नाही."

माझं घर त्या गाठोड्यावर चालतं. खरं सांगते, मी गप्पच बसले असते. पण सर ते लिहून घ्यायला लागले. एकदा का मी कागदावर विक्रेती झाले, की आमच्या हातात काय पडतं हे विचारणार कोण?

फोन टेबलावर ठेवला. उभी राहिले.

"सर, थांबा. गोधड्या ऑनलाइन जातात, खरं आहे. विकतात या. आम्ही शिवतो. गिऱ्हाईक आम्ही पाहिलेलं नाही, भाव आम्ही ठरवत नाही. मला विक्रेती लिहू नका."

सरांनी मॅडमकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या दारावरून पुढे गेली. शेजारची शांता, तीही गोधड्या शिवते, मॅडमचा निरोप घेऊन आली. "माफी माग म्हणतात, लगेच काम देतात. माग ना गं, दोन शब्द तर बोलायचेत."

नाही मागणार. घर कसं चालवायचं ते मी बघेन. कुणीही मोजायला येऊ दे, मी हेच सांगणार. शांतालाही बजावलं, "तेव्हा मी एकटी उभी राहणार नाही. तुलाही उठावं लागेल."