इटलीच्या वाळूवर कोल्हापुरी कॉमेंटरी

मी इटलीला पोरांना इंग्रजी शिकवायला जातोय म्हटल्यावर आमचे बाबा म्हणाले, "इटलीत इंग्रजी बोलत्यात व्हय?"

"न्हाय. म्हणून तर शिकवायचं. समाजसेवा हाय."

"मग आधी गल्लीतली गटार काढ की."

दोन हजार चार-पाचची गोष्ट. समुद्रकाठचं गाव, उन्हाळी शिबिर. पोरांशी इंग्रजीत बोलायला मदतनीस आम्ही दोघं: मी, आणि इंग्लंडच्या उत्तरेकडचा एक पोरगा. तो काय बोलला ते मला दोनदा विचारावं लागायचं. पोरगा मात्र लाख माणूस.

शिबिर चालवणारी बाई पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "तू योगा घे."

योगा? आमच्या घरात कुणी कधी मांडी घालून श्वास मोजला न्हाय. म्हटलं, मी फुटबॉल घेतो. तर ती हसली. "इंडियात फुटबॉल?" अगं बाई, कोल्हापुरात ये एकदा. दोन पेठांची मॅच असली आणि बायकोचं माहेर समोरच्या पेठेतलं असलं, तर त्या दिवशी घरात चूल पेटत न्हाय!

वर्गातली पोरं इंग्रजी बोलायला मरणाची लाजायची. मी त्यांना वाळूवर नेलं. निम्म्यांनी खेळायचं, निम्म्यांनी बाटलीचा माईक करून इंग्रजीत कॉमेंटरी करायची. लहानपणी मी स्टेडियमच्या पायरीवर हेच करायचो. कॉमेंटेटरचा आवाज, रेफ्रीचा आवाज, वर शिव्या घालणाऱ्या काकांचाबी. आठवड्यात काय झालं? ज्यांना साधं 'येस' म्हणायला घाम फुटायचा ती पोरं गोलकीपरला इंग्रजीत विचारायला लागली, "झोपलास काय?"

मग एक आई आली. मी समोर उभा, पण बोलली बाईशीच. पोरांचे उच्चार म्हणे इंडियन होतायत.

बाईनं मला बाजूला घेतलं. "तुझं इंग्रजी छान आहे. पण खरं नाही."

खरं न्हाय! मग मी काय इतके दिवस खोटं बोलत होतो? माझा वर्ग त्या इंग्रज पोराला दिला आणि मला लिंबू सरबताच्या टेबलावर उभं केलं.

शेवटच्या दिवशी आईबापांसमोर मॅच होती आणि खरा माईक असणार होता. मी बाईला म्हटलं, "माझी पोरं हाईत, माईक मला द्या." ती न्हायच म्हणाली. मग माझ्यातला नकल्या उठला. रेडिओवरचा गोरा काढून दाखवला, अगदी नाकात हवा धरून.

बाई खूश. "अरे, येतं की तुला! असंच बोल. माईक तुझा."

"हा माझा आवाज न्हाय. रेडिओवरनं उचललाय."

"कुणाला कळणार आहे?"

ह्यानं जे डोकं फिरलं! मी हेडमास्तरांची नक्कल केली, एसटीच्या कंडक्टरची केली, पोटभर मारबी खाल्ला. पण तुझा आवाज घरी ठेवून ये, असं मला कुणी म्हणालं न्हवतं. म्हटलं, ठेवा तुमचा माईक. आणि सरबत ढवळत बसलो.

मॅच सुरू झाली. इंग्रज पोरगा चार वाक्यं बोलला, कुणाला काय कळलं न्हाय. मग त्यानं माईक सरळ पोरांच्या हातात दिला. आणि पोरं सुटली की! माझी वाक्यं, माझ्यासारखे हातवारे, मधेच "शूट की! पास की!" आईबाप उभं राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या हातातला सरबताचा डाव तसाच राहिला.

शेवटी बाईनं माईक घेतला आणि आभार मानले. इंग्रज पोराचे. तो बिचारा लाल झाला, माझ्याकडं बोट दाखवून दाखवून दमला. बाईनं तिकडं बघितलं आणि सरबताबद्दलबी आभार मानले.

मग ती तक्रारवाली आई त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, "किती शुद्ध उच्चार झाले पोरांचे!"

"त्यानं शिकवलंय," पोरगा म्हणाला. हे मात्र मला पहिल्या फटक्यात कळलं.

ती आई माझ्याकडं वळली. मला बघून गोड हसली, हात जोडले, "नमस्ते" म्हणाली, आणि विचारलं, "सरबत आहे का अजून?"

पिंपभर होतं.

"न्हाय," म्हटलं. "संपलं."