घड्याळाला उलट बोलणाऱ्या मॅडम

घड्याळाला तोंडावर उलट बोलणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली: कोल्हापुरातल्या आमच्या कॅज्युअल्टीच्या प्रमुख मॅडम. आलेला पेशंट ठरलेल्या वेळेत वॉर्डात किंवा घरी गेलाच पाहिजे, असा हॉस्पिटलचा नियम. वेळ टळली की भिंतीवरच्या स्क्रीनवर त्याचं नाव लाल व्हायचं आणि आम्ही पांढरे पडायचो. बोट नाडीवर आणि डोळे स्क्रीनवर, अशी सगळ्यांना सवयच लागली होती. मॅडम मात्र आल्या आल्या आपला रेनकोट त्या स्क्रीनवर वाळत घालायच्या. व्यवस्थापक कुरकुरले, "मॅडम, स्क्रीन दिसत नाही." मॅडम म्हणाल्या, "पेशंट दिसतोय न्हवं?" मूळच्या कुरुंदवाडच्या, आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी पार्किंगमधला रिक्षावाला वळून बघायचा. प्रत्येक पेशंट त्यांचा पावणा, मग म्हशीपासून सुनेपर्यंत सगळ्यांची चौकशी. मी इंग्रजी शाळेतून आलेली, जेवढ्यास तेवढं बोलणारी इंटर्न. मला त्या 'मुकं बाळ' म्हणायच्या.

एका सकाळी राधानगरीकडच्या एक मावशी आल्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या, उठल्यापासून पोटात दुखतंय. तपासण्या ठीक, अंगावर खूण नाही. वेळ संपत आली तसे व्यवस्थापक आले. "गॅसेस असतील. वर पाठवा." वर एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड. "मण्यार चावली तर खूण सापडतेच असं न्हाय," मॅडम म्हणाल्या. "ह्या हितंच ऱ्हाणार." रेनकोटाखाली मावशींचं नाव लाल झालं. तेवढ्यात अपघाताचा पेशंट आला. मॅडम तिकडे धावल्या, जाता जाता मला म्हणाल्या, "पापण्यांवर लक्ष ठेव. सापाचं विष चढलं की आधी त्याच पडत्यात."

त्यांची पाठ वळताच व्यवस्थापकांनी ट्रॉली वर न्यायला सांगितली. मी आडवी उभी राहिले. "नाही नेऊ देणार!" हा आवाज माझा आहे हे मला जरा उशिराच कळलं. पडद्यामागून मॅडम गरजल्या, "फुटला की गं कंठ!" आमचा वाद चालू असतानाच मावशींच्या पापण्या खाली आल्या. वर बघायला सांगितलं, उघडेनात. मी ओरडले. मॅडम आल्या, सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं, थोड्याच वेळात श्वासाची नळीही घालावी लागली. सगळं तिथंच हाताशी होतं.

मावशी वाचल्या. बऱ्या झाल्यावर आपल्या पायांनी चालत घरी गेल्या, न्यायला जीप भरून माणसं. मॅडमनी लगेच नियमात भर घालून घेतली: डॉक्टरला शंका असेल, तर घड्याळ थांबेल. सही व्यवस्थापकांनीच केली.

दिवाळीनंतर मावशी खरवस घेऊन आल्या. मॅडम तोवर मलकापूरला स्वतःचा दवाखाना काढायला गेल्या होत्या. "गेल्या व्हय?" म्हणत मावशी आपल्या जुन्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथं शंका आली म्हणून थांबवून घेतलेली दुसरीच बाई झोपली होती, शेजारी तिची घाबरलेली लेक. मावशींनी लेकीच्या हातावर खरवसाची वडी ठेवली. "हितं थांबवून घेतलंय न्हवं? मग खा निवांत."

मॅडम येणार नव्हत्या, तरी त्यांच्या वाट्याची वडी मी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवली होती.