खुब्यातली सळई

बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर वसमतच्या मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती अंगावर कोसळली अन् माझ्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात दोन डॉक्टर माझ्या खाटेशीच भांडले. थोरला म्हणाला, मोडल्या जागी चिरून हाडात सळई घालू, तिथून वर खुब्यापर्यंत सारू. धाकटा म्हणाला, तिथं न चिरता खुब्यातून ठोकू. थोरल्याचंच चाललं.

तीन महिन्यांनी एक्स-रेचा फोटो खिडकीशी धरून दोघं पुन्हा तेच भांडत होते. वर सारलेल्या सळईचं टोक खुब्यात हाडाबाहेर राहिलं होतं, बसलं की मांसात रुतायचं.

"साहेब, मांडी घालून बसता येत न्हाई," मी म्हणालो.

थोरल्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. धाकट्याला म्हणाला, "हाड बघ, किती सरळ जुळलंय!"

"मग पंगतीत माझ्या जागी त्या फोटोलाच बसवा!"