काटकोनाचा वैरी

काटकोनाशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या पेण तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांनी सारं आयुष्य गणपती घडवण्यात घातलं. "देवाच्या अंगावर एक कोपरा दाखवा जावईबापू, मिशी उतरवतो," हे त्यांचं ठरलेलं आव्हान. रस्त्याने जातानासुद्धा ते वळणावर असा लांबलचक फेरा घेतात की मागचा रिक्षावाला शिव्या घालतो. चौकोनी बर्फी पुढे केली तर आधी हातात तिचा लाडू वळतात आणि मगच तोंडात टाकतात. त्यांचा मुलगा डोलवीला कंपनीत आहे. त्याने हौसेने घेतलेल्या फ्लॅटला मामांनी पहिल्याच दिवशी 'खोका' हे नाव ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी मामांचा उजवा हात थरथरायला लागला. मूर्तीचे डोळे आखणं हे कारखान्यातल्या सगळ्यात जाणत्या हाताचं काम, आणि तो मान कित्येक वर्षं मामांचा होता. एका गणपतीची बुबुळं तिरकी गेली तेव्हा मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आता पुरे." मामांनी ब्रश धुतला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला. तेव्हापासून ते जे चिडलेत ते चिडलेत, आणि त्याच चिडीत त्यांनी आमचा नवा फ्लॅट सजवायला घेतला. आपला हात अजून चालतो हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. मला ते कळत होतं, म्हणून माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

बायकोला चारचौघांसारखं फर्निचर हवं होतं. मामांनी तिला उडवूनच लावलं. "भिंतीला पोट पायजे गो बाय, पोट! सपाट भिंत म्हंजे उपाशी माणूस." मग दोन महिने आमच्या घरात जाळी, काथ्या आणि प्लास्टर यांचं राज्य होतं. हॉलची भिंत दाराशी फुगली, खिडकीशी कमरेत बारीक झाली आणि वर जाता जाता तिचं छत कुठे झालं ते आम्हाला आजही सांगता येत नाही. बसायची बैठक भिंतीतूनच निघाली, मांडी घातल्यासारखी. सुतारमिस्त्रीने तीनदा माप घेतलं, तिन्ही वेळा वेगळं आलं.

"मामा, गुण्या कुठं लावू?" काटकोन तपासायचं ते अवजार हातात धरून तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"खाडीत टाक."

बाथरूममध्ये मात्र मामांची सवय नडली. तिथे त्यांनी चक्क शाडूची वेल काढली. पहिल्याच आंघोळीला वेलीचं विसर्जन झालं आणि मोरी तुंबली. बायको बादली घेऊन उभी राहिली, तरी मामा ढिम्म. "शाडू हाय ती. पानी बघितल्यावर जानारच. तिला तेवढंच शिकवलंय आमी." दुसऱ्या दिवशी तीच वेल त्यांनी सिमेंटमध्ये केली.

शेवटचा हात हॉलच्या भिंतीवर फिरायचा होता, दारापासून खिडकीपर्यंत, मध्ये न उचलता. मामांचा मुलगाही शिफ्ट संपवून आला होता. मामा दारापासून निघाले आणि अर्ध्यावर हात थरथरला. ओल्या प्लास्टरवर वीतभर लाट उमटली. मुलाने मान खाली घातली.

"वलं हाय तवर घासून घेतो," मिस्त्री पुढे झाला.

मामांनी त्याला अडवलं नाही. ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

"हात लावायचा नाही," मी ओरडलो. "घर माझं आहे. ती लाट राहणार."

जाताना हात धुता धुता मामा हलक्या आवाजात म्हणाले, "कुनी इचारलं तर हात हलला म्हनू नका. मनातच तशी व्हती म्हनून सांगा."

मी तसंच सांगतो. पाहुणे हसतात, हसू देत. सोसायटीच्या चेअरमननी पुट्टीवाला पाठवू का विचारलं, तेव्हा त्याला आधी तुमच्या सपाट भिंतींकडे न्या, असं मी तोंडावर सुनावलं. मामा दर रविवारी येतात, बैठकीवर बसतात आणि उजवा तळहात त्या लाटेवर टेकवतात. तिथे टेकला की तो हात अगदी स्थिर असतो. त्यांचा चहा निवत जातो, आणि मी त्यांना हाक मारत नाही.